एस्त्रेला बैल आणि खोटी हाक

पूर्वी, ज्या युगात नद्यांनी आपापल्या वाटा अजून नक्की केल्या नव्हत्या आणि देवदेवता माणसांच्या अंगणात येऊन तांब्याभर पाणी मागायला संकोचत नसत, त्या युगातली ही कथा. आपल्या अठरा पुराणांत ती शोधू नका, सापडायची नाही. पश्चिम समुद्राच्या पल्याड, जिला आज ब्राझील म्हणतात त्या अफाट भूमीची ही कथा. कथा तिकडची, जीभ तेवढी माझी. नावे कानाला परकी लागतील म्हणून कुणी नाक मुरडू नये. माणसाने आपल्याच हाताने आपले तोंड कसे काळे करून घेतले हे ऐकायला नावगाव ओळखीचे असावे लागत नाही.

तर त्या भूमीच्या ईशान्येला एक अरण्य आहे. पावसाचे चार दिवस ते हिरवे असते. पाऊस सरला की पाने झडून जातात आणि उरतात त्या हाडांसारख्या पांढऱ्या फांद्या. तिथले मूळचे लोक त्याला आपल्या भाषेत पांढरे वनच म्हणत. आपण श्वेतारण्य म्हणू. पुरुषभर उंचीचे निवडुंग, पोटात पाणी साठवून उभे राहिलेले फुगीर बुंध्यांचे वृक्ष, कातडे फाडून मांसाला भिडणारे काटे, आणि माथ्यावर लहानथोर कुणाचीही गय न करणारा चंडकिरण सूर्य! अशा त्या अरण्यात गोपालकांची वस्ती होती. डोक्यावर कातडी टोपी, अंगात कातडी अंगरखा, पायांना कातडी वेष्टन, असा त्यांचा वेष. बघणाऱ्याला थाट वाटावा, पण तो थाट नव्हता, काट्यांपासूनचे कवच होते.

त्या वस्तीवर एकदा बारा वर्षांची अनावृष्टी कोसळली. झरे आटले, नद्यांच्या पात्रांना भेगा पडल्या, गुरांच्या बरगड्या दुरून मोजता येऊ लागल्या. तेव्हा सारी वस्ती पायपीट करीत समुद्रकाठी गेली. तिकडची रीत अशी, की सागरमातेला प्रसन्न करायचे तर छोट्या होडीत पांढरी फुले, फण्या, आरसे आणि अत्तराच्या कुप्या ठेवून ती होडी लाटांवर सोडायची. आई ती, तिला नटण्यामुरडण्याची हौस. होडी बुडाली तर तिने भेट घेतली, परत आली तर नाकारली. त्या दिवशी होडी क्षितिजापर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

मग जल दुभंगले आणि नीलवसना, मौक्तिकभूषिता, अगाधजलेश्वरी सागरमाता लाटांच्या पायऱ्या चढून वर आली. तिच्या मागोमाग एक बैल चालत होता. काळाभोर, तुकतुकीत, आणि कपाळावर शुभ्र चांदणी.

"लेकरांनो," देवी म्हणाली, "हा माझ्या पोटच्या पोरासारखा आहे. हा जिथे खूर आपटील तिथे गोड्या पाण्याचा झरा फुटेल. याला मी तुमच्या हवाली करते. पण याला राखणार कोण?"

लोकांनी एकमुखाने दामियाँव गुराख्याचे नाव घेतले. त्याचे कारण होते त्याची हाक. श्वेतारण्यात गुरे काठीने हाकता येत नाहीत, कारण काट्यांच्या जाळीत काठी आणि माणूस दोन्ही पोचत नाहीत. तिथला गुराखी दुरून गाऊन साद घालतो आणि जनावर त्या आवाजाचा माग काढत बाहेर येते. त्या काळी त्या हाकेला शब्द होते: 'ये रे राजा, ये. वाट मोकळी आहे, भय नाही. पुढे मी आहे, मी.' शब्द सगळ्यांचे तेच. पण दामियाँवने ते उच्चारले की बुजलेले वासरूही कान टवकारून निघे.

देवीने त्याला जवळ बोलावले. "दामियाँव, जनावराला शपथ कळत नाही, साक्षीपुरावा कळत नाही. त्याला आवाज तेवढा कळतो. या हाकेत कधी असत्य मिसळू नकोस. माझी एवढीच अट."

"आई," दामियाँव छाती पुढे काढून म्हणाला, "सूर्य पश्चिमेला उगवेल, पण दामियाँवची हाक खोटी पडणार नाही!"

बोलणाऱ्याचे काय जाते! असली वाक्ये माणूस सुखात असताना बोलतो आणि ती ऐकणारा देव मनातल्या मनात हसत असावा, असे मला नेहमी वाटते.

बैलाचे नाव पडले एस्त्रेला, म्हणजे चांदणी. सात वर्षे श्वेतारण्याने वैभव पाहिले. एस्त्रेलाने खूर आपटावा आणि खडकातून पाणी उसळावे. पाण्यामागोमाग गवत, गवतामागोमाग गुरे, गुरांमागोमाग दूधदुभते. शेतांत कसावा माजला. ज्या कंदापासून आपल्याकडे उपवासाचा साबुदाणा होतो तोच हा कंद. तिकडे त्याच्या पिठाची भाकर हे रोजचे अन्न. आणि रोज सकाळी दामियाँव तळहातावर मीठ घेऊन उभा राही, हाक देई, आणि एस्त्रेला येऊन आपल्या खरखरीत जिभेने ते मीठ चाटून घेई. मीठ संपले तरी चाटतच राही. "अरे, हात झिजवतोस की काय माझा?" असे म्हणत दामियाँव हसे. देवाने दिलेले मूल नव्हते त्या घरात. त्या मायेचा बराचसा वाटा बैलाला गेला होता.

मूल नव्हते म्हणजे जगले नव्हते. दामियाँवची बायको इनासिया तीनदा गरोदर राहिली आणि तिन्ही वेळा पाचव्या महिन्यात तिची कूस रिकामी झाली. घरामागे उंबू नावाचे फळझाड होते, त्याखाली तीन लहान दगड होते. चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने कुणाला सांगितलेही नाही. पाचवा महिना लागला आणि तिने अन्न सोडले.

"काय हवे ते सांग," दामियाँव म्हणाला. "मध हवा? नदीचे मासे हवेत? डोंगरापलीकडची फळे हवीत? तोंडातून शब्द काढ, मी पायाला भिंगरी लावतो."

"मागू नये असे काही तरी हवे आहे," इनासिया भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "विचारू नकोस."

"डोहाळे मोडले तर पोटातले मूल राहत नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणूनच रडते आहे." शेवटी तोंडावर दोन्ही हात घेऊन तिने सांगितले, "एस्त्रेलाची जीभ. दिवसरात्र तेच डोळ्यांपुढे येते. माझी मलाच किळस येते, दामियाँव. मला माफ कर आणि विसरून जा."

दामियाँव उठून बाहेर गेला. डोहाळे पुरवले नाहीत तर मूल जाते, ही त्या लोकांची समजूत; आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? तीन दिवस इनासिया पाण्याच्या घोटावर राहिली. चौथ्या दिवशी तिच्या पोटात कळ आली आणि तिने उंबूच्या झाडाकडे अशा नजरेने पाहिले की दामियाँवच्या काळजाचे पाणी झाले. एका बाजूला दगडांच्या रांगेत चौथा दगड, दुसऱ्या बाजूला देवीचे लेकरू. त्या पेचात माणसाने काय करावे हे सांगणे सोपे आहे, कारण पेच आपला नसतो. मी सांगणार नाही.

त्याने केले ते सांगतो. भर दुपारी, सारी वस्ती झोपड्यांत ऊन चुकवून पडली असताना, तो नदीच्या कोरड्या वळणावर गेला. सुरी अंगरख्याच्या आत होती. तळहातावर मीठ होते. आणि त्याने हाक दिली.

'ये रे राजा, ये. वाट मोकळी आहे, भय नाही. पुढे मी आहे, मी.'

तोंडात अर्धे चावलेले गवत तसेच घेऊन एस्त्रेला आला. धावत आला हो! अवेळी हाक ऐकून त्याला आनंदच झाला असावा. त्याने मीठ चाटले. दामियाँवने डोळे मिटले, सुरी चालवली, आणि बैल पडला तेव्हाही त्याचे कान दामियाँवच्या आवाजाच्या रोखाने वळलेले होते. जीभ घेऊन बाकीचे सगळे त्याने तिथेच काठावर खड्डा करून पुरले, वर वाळू ओढली, हात वाळूने घासले. मीठ तेवढे हाताला चिकटून राहिले.

इनासियाने पहिल्या घासालाच ओळखले. ओळखून तिने खाल्ले. दुसऱ्या दिवशी तिच्या गालांवर रक्त चढले, पोटातले मूल हलले. आणि त्या दिवसापासून नवराबायकोने एकमेकांच्या डोळ्यांत पाहणे सोडले.

सकाळी वस्तीने विचारले, "एस्त्रेला कुठे आहे?"

"हाकेला आला नाही," दामियाँव म्हणाला. "रानात लांब गेला असेल. येईल."

पाप एकटे येत नाही, पाठीमागे भावंडांची रांग घेऊन येते. लोक म्हणाले, "मग हाक दे! तुझी हाक ऐकून तो येणार नाही असे कधी झाले आहे का?" आणि दामियाँवला वस्तीमागच्या टेकाडावर चढावे लागले. मेलेल्या बैलाला, आपण स्वतः मारलेल्या बैलाला, त्याने साऱ्या गावासमोर हाक दिली: 'भय नाही. पुढे मी आहे, मी.' रोज संध्याकाळी तेच. लोक हात जोडून खाली उभे राहत. बायका डोळे पुसत. "बघा बिचाऱ्याचा आवाज कसा कापतो," असे म्हणत. मारले तेव्हा वाटली नसेल एवढी लाज त्याला त्या 'बिचाऱ्या'ने वाटली. कुणी शिवी घातली असती, थोबाडीत मारली असती, तर तो सुखाने झोपला असता.

एकेक करून झरे आटू लागले. आधी टेकडीवरचे, मग माळावरचे, मग वस्तीतले. इनासियाला सातवा महिना लागला तेव्हा कसाव्याचे पीठ संपत आले. वस्तीची कर्ती बाई होती दोना कितेरिया. दोना म्हणजे आपल्याकडच्या बाई किंवा अक्का यांसारखा मान. सत्तरी उलटलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. ती एके दिवशी पदराआड भाकर लपवून आली.

"घे, खा," ती दामियाँवला म्हणाली. "शेवटचे पीठ होते, दोन भाकरी झाल्या. एक पोरांना वाटली. ही तुझी."

"नको, दोना. मला भूक नाही."

"गप्प बस! तुझी बरगडी मोजता येते मला. बैल गेला, आता तूही जायचे ठरवलेस की काय? आमचे पाणी गेले रे, पण तुझे तर लेकरू गेले. खा म्हणते ना!"

त्याने खाल्ली. ती समोर बसून राहिली, घास गिळतो की नाही हे पाहत. दामियाँव पुढे म्हणे, की नरकात अन्न मिळत असेल तर त्याची चव त्या भाकरीसारखी असेल.

यथाकाल इनासिया बाळंत झाली. मुलगी, धडधाकट, काळ्याभोर डोळ्यांची, आवाजाने घर डोक्यावर घेणारी. तीन दगडांनंतर आलेले ते मूल! वस्तीत पाण्याचा एकच झरा उरला होता, बोटाएवढ्या धारेचा. पंचांनी ठरवले, की आधी बाळंतिणीला, मग बाकीच्यांना. ज्यांच्या तोंडचे पाणी या घराने पळवले होते ते लोक आपले पाणी याच घराच्या दारात आणून ठेवू लागले. दामियाँव भोपळ्याचे भांडे हातात घेई आणि खाली मान घालून आत जाई. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला रोज वाटे. पण जमीन भेगाळलेली असूनही घेत नव्हती.

एके सकाळी भांडे घेऊन कुणी आले नाही. दोना कितेरिया झऱ्याकाठी कोसळली होती. तिच्या हातात भरलेले भांडे तसेच होते. दोन दिवस तिने स्वतः पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

त्याच दिवशी श्वेतारण्याच्या गाभ्यातून महर्षी झुरांदिर आले. वल्कलधारी, पक्ष्यांच्या पिसांचा मुकुट घातलेले, हातात बिया भरलेल्या भोपळ्याचा खुळखुळा. तोच त्यांचा कमंडलू आणि तोच त्यांचा वेद. त्यांनी दोनाच्या ओठांना पाणी लावले, मंत्र पुटपुटले, ती डोळे उघडून "मला काय झाले आहे? बाळाला आधी द्या" म्हणाली, तेव्हा ते उठले. मग वाळूवर कान टेकवून बराच वेळ पडून राहिले.

"तुमचा बैल हरवलेला नाही," ते म्हणाले. "तो जवळच आहे, आणि जमिनीच्या वर नाही. तो निघाला तेव्हा त्याला कुणी हाक दिली होती?"

सगळ्यांच्या नजरा दामियाँवकडे वळल्या, आणि त्या नजरांत अजूनही कीवच होती. "हा रोज हाक देतो, महर्षे," कुणी तरी सांगितले. "सात महिने झाले. घसा फाटेपर्यंत देतो."

"रोज?" झुरांदिरांनी त्याच्याकडे पाहिले. "मेलेल्याला?"

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. पण माझे ऐका, दामियाँव तेव्हाही निसटू शकला असता. ऋषींनी नाव घेतले नव्हते, लोकांना संशय नव्हता. 'श्वापदाने मारला असेल' एवढे म्हटले असते तरी लोकांनी मानले असते. त्याने ओठ उघडले ते तेच म्हणायला. तेवढ्यात दोना कितेरियाने पडल्या जागेवरून भांडे त्याच्याकडे सरकवले. "ने रे बाबा घरी. पोर रडत असेल."

दामियाँव गुडघ्यांवर आला.

"ते भांडे माझ्याकडे सरकवू नका, दोना! मी मारला. या हाताने मारला. हाक देऊन बोलावला आणि मारला. मीठ चाटत होता तेव्हा मारला. तुमची भाकर मी खाल्ली, तुमचे पाणी माझ्या घराने प्याले, आणि रोज संध्याकाळी टेकाडावर उभा राहून मी तुम्हा सगळ्यांना फसवले. मला बिचारा म्हणू नका! वाटेल ते म्हणा, तेवढे म्हणू नका!"

एकाने हातातली काठी उगारली, दुसऱ्याने दगड उचलला. इनासिया मुलीला छातीशी धरून धावत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "त्याने मारला, पण खाल्ला मी! आधी मला मारा." दगड उचललेला हात खाली आला, तो दयेने नव्हे, काय करावे हे न कळून.

दोना कितेरिया एवढेच म्हणाली, "मला सांगितले असतेस. डोहाळे बाईला नाही लागत तर कुणाला लागतात? आम्ही मिळून रडलो असतो, मिळून आईच्या पाया पडलो असतो. तू आम्हाला माणसांत धरले नाहीस, दामियाँव." आणि तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. हे त्याला दगडापेक्षा जास्त लागले.

तेव्हा कोरड्या नदीच्या पात्रातून समुद्र उलटा चढत आला. उंच लाटेवर सागरमाता उभी होती. केस मोकळे, डोळे लाल, आणि अंगावर एकही अलंकार नाही. झाडे थरथरली, गुरे बसकण मारून बसली, महर्षींनी खुळखुळा जमिनीवर ठेवून हात जोडले.

"क्षुद्रा!" देवी गरजली. "लाखो लाटा माझ्या पायाशी लोळतात, पण त्या लाटांतला एकही मासा मला सोडून कुणाच्या हाकेला जात नाही. माझे लेकरू तुझ्या हाकेला आले. तू मागितली असतीस तर कदाचित मी दिलेही असते. एवढ्या अपराधाचे काय प्रायश्चित्त घेतोस?"

"आई, मला मार," दामियाँव वाळूत डोके घासत म्हणाला. "आत्ता मार. यांना तोंड दाखवून जगवत नाही."

"मरण?" देवी हसली आणि ते हसणे गर्जनेहून भयंकर होते. "ती तर लाजेपासून सुटका. ती सवलत तुला कशाला? झुरांदिरा, उकर ती वाळू."

खड्डा उकरला. हाडे, कातडे, शिंगे, कपाळावरची चांदणी, सारे होते, जीभ नव्हती. महर्षींनी हाडे ओळीने मांडली, वर कातडे पांघरले, खुळखुळा वाजवीत सात प्रदक्षिणा घातल्या. मग थांबून दामियाँवला म्हणाले, "देह मी जोडला. पण जिभेविना हा उठला तर पाणी पिणार नाही, हंबरणार नाही. याची जीभ गेली ती शब्दांपायी, म्हणून तिची भरपाईही शब्दांनीच. ज्या शब्दांनी याला बोलावले गेले ते शब्द त्याला द्यावे लागतील, आणि दिले की ते परत मिळणार नाहीत. तू एकट्यानेच नव्हे, या भूमीतल्या कोणत्याही गुराख्याने ते पुन्हा उच्चारायचे नाहीत."

वस्तीतले गुराखी एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्या बापजाद्यांचे ते शब्द. एकाच्या पापापायी साऱ्यांनी का गमवावेत? शेवटी दोना कितेरियाच पाठमोरी म्हणाली, "द्या. खोटे पडलेले शब्द घेऊन आता करायचे काय?"

"हाक दे," महर्षी म्हणाले.

"कोणत्या तोंडाने देऊ?" दामियाँव म्हणाला. "त्याने का यावे माझ्याकडे?"

"ते त्याचे तो बघेल. तू दे."

दामियाँवने श्वास घेतला आणि तोंड उघडले. 'ये रे राजा' म्हणू गेला, तर शब्द ओठांवरून उडून गेले. उरला तो नुसता सूर. लांब, थरथरता, काटेरी वनावरून दूरवर जाणारा, 'ए... ओ... ओ...' असा. त्यात 'भय नाही' नव्हते, कारण भय होते. 'पुढे मी आहे' नव्हते, कारण मी कोण हे आता सगळ्यांना कळले होते. कातड्याखाली हाडे हलली. एस्त्रेला उठला. सगळ्यांना वाटले, हा आता शिंगांवर घेणार. दामियाँवही हात पसरून त्याचीच वाट पाहत उभा राहिला. बैल चालत आला आणि त्याने नेहमीसारखे आपले कपाळ त्याच्या छातीला लावले. तेव्हा दामियाँव जो रडला, तसा तो तिन्ही दगड ठेवताना रडला नव्हता.

देवीचा राग उतरला, पण न्याय उतरला नाही. "एस्त्रेला माझ्याबरोबर येईल," ती म्हणाली. "झरे मी तुम्हाला परत देते. पण दर वर्षी पावसाळा सरला, की लाकडाचा आणि कापडाचा बैल करा, सर्वांसमोर नाचवा. दामियाँवने त्याला हाक द्यावी, सर्वांसमोर मारावे, आणि कोणी विचारले तर का मारले ते सांगावे. मग त्याला उठवा. त्याच्यानंतर त्याच्या वंशाने, वंश संपला तर गावातल्या कुणीही, पण हे सोंग कुणी तरी घ्यायचेच. ज्या वर्षी ही गोष्ट लपवाल, त्या वर्षी पाणी लपेल." एवढे बोलून ती लाटेसह मागे सरली, आणि तिच्या बरोबरीने तो काळा बैल चालत गेला. मागे वळून त्याने पाहिले की नाही याबद्दल सांगणाऱ्यांत एकमत नाही.

पहिल्या वर्षी सोंग झाले तेव्हा कुणी श्वासही घेतला नाही. दुसऱ्या वर्षी दामियाँव घाबरून सुरीऐवजी चमचाच घेऊन आला आणि कुणाला तरी हसू फुटले. ते हसू त्याला आरीसारखे टोचले, पण त्याने ते सोसले. पुढच्या वर्षी लोक जास्त हसले. बायकांनी बैलाच्या झुलीवर मणी, आरसे, फिती लावल्या. ढोल आले, होळ्या पेटल्या. पाहुणे दुरून येऊ लागले. दामियाँव साऱ्या पंचक्रोशीचा विदूषक झाला. घरी येऊन तो तोंड धुवायचा. हे सारे त्याने निमूट केले, कारण एका गोष्टीची त्याला सूट मिळाली होती: 'का मारलास?' असे अजून कुणी विचारले नव्हते. लोकांना उत्तर ठाऊक होते, म्हणून दयेने विचारत नसत.

सातव्या वर्षी त्याच्या मुलीने विचारले. ती आईचा हात सोडून रिंगणाच्या काठावर येऊन उभी राहिली होती. कापडी बैल पडला, लोक हसले, आणि त्या हशातून तिचा स्वच्छ आवाज आला: "बाबा, तो तर तुझ्या हाकेने आला होता. मग का मारलास?"

ढोल थांबले. इनासियाने लेकीला ओढायला हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला. दामियाँवच्या मनात आले, खोटे सांगावे. एकदाच. देवीला राग आला तर येवो, पाणी लपले तर लपो, पण या डोळ्यांसमोर नको. गावापुढे लाज वाटली होती ती काहीच नव्हती. पण दोना कितेरिया, आता पार वाकलेली, त्याच्याकडे पाहत होती. आणि त्याला आठवले, की आपण एकदा या माणसांना माणसांत धरले नव्हते. आता ही पोर. तिलाही धरायचे नाही का?

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मला तू हवी होतीस," तो म्हणाला. "तू जगावीस म्हणून मारला. पण त्याला विचारले नाही, देवीला विचारले नाही, गावाला विचारले नाही. विश्वासाने आला, त्याला फसवून मारला. दोष तुझा नाही. तुझ्या आईचाही नाही. सुरी माझ्या हातात होती."

मुलगी रडली नाही, त्याच्या गळ्यातही पडली नाही. ती त्याला वळसा घालून पडलेल्या बैलाजवळ गेली, झुलीवर हात ठेवला, आणि बारीक, बेसूर आवाजात तिने बापासारखी हाक दिली, 'ए... ओ... ओ...' बैल हलला नाही. झुलीखाली शिरून बैल झालेल्या माणसालाच हुंदका आवरत नव्हता, तो काय उठणार! मग इनासिया तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिने हाक दिली. मग दोना कितेरियाने, मग गुराख्यांनी, मग ज्याने एकदा दगड उचलला होता त्याने. सारी वस्ती हाक देऊ लागली तेव्हा कुठे तो बैल उठला.

तेव्हापासून त्या भूमीत जून महिन्यात, आपल्याकडे पावसाळा आणि तिकडे हिवाळा असतो तेव्हा, जिथे जिथे बैल नाचतो तिथे तो एकट्याच्या हाकेने उठत नाही. सगळ्यांनी द्यावी लागते. आणि गुराखी आजही श्वेतारण्यात गुरांना साद घालतात ती नुसत्या सुराने. त्या सुराला शब्द का नाहीत असे कुणी विचारले, तर म्हातारे गुराखी टोपी काढून हातात घेतात आणि खाली बघतात.